इस्त्री केलेला व्हिडिओ

धाकटीला वावटळीत बसायचं नव्हतं. गेल्या पाच महिन्यांत तिने या रोलर कोस्टरचे शंभरावर व्हिडिओ काढले होते, पण ते सगळे जमिनीवर उभं राहून. सकाळी गाडीच्या नाकावर कॅमेरा आवळायचा, रिकामी गाडी सोडायला लावायची, ती फिरून आली की कॅमेरा सोडवून घ्यायचा, एवढाच तिचा वावटळीशी संबंध. स्वतः ती एकदाच बसली होती, पार्क सुरू झालं त्या वर्षी, आणि उतरल्यावर अर्धा तास बाकावर आडवी पडून होती. तेव्हापासून तिने या प्रकाराला लांबूनच हात जोडले होते.

पण आज सुट्टीच्या हंगामाचा पहिला रविवार होता आणि पार्कच्या साहेबांना जाहिरातीसाठी माणसांचे चेहरे हवे होते. किंचाळणारे, केस उडालेले, डोळे घट्ट मिटलेले खरे चेहरे. गाडीत प्रवासी असताना कॅमेरा लावायचा तर शेजारी पार्कचं माणूस बसलंच पाहिजे, असा नियम होता. हा नियम केला होता तिच्याच बाबांनी, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार? एक कॅमेरा पुढे रुळाकडे, एक मागे चेहऱ्यांकडे, दोन्हींना स्क्रूच्या पकडीखेरीज वेगळी दोरी, अशी सगळी बांधाबांध करून ती पहिल्या रांगेत बसली आणि छातीवरचा दांडा खाली आला.

बाबा पार्कचे मुख्य फिटर. तिथले सगळे त्यांना उस्ताद म्हणत, आणि उस्तादांना ते आवडतं हे सगळ्यांना माहीत होतं. वावटळीचा पहिला बोल्ट त्यांनी आवळला होता. अकरा वर्षांत एकाही प्रवाशाला साधं खरचटलं नव्हतं, आणि त्याचं श्रेय लोक त्यांच्या पायी पाहणीला देत. रोज सकाळी पार्क उघडण्याआधी रुळालगतच्या अरुंद जिन्याने चढायचं, प्रत्येक जोडावर हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा, आणि खाली येऊन वहीत सही करायची. हे काम त्यांनी हाताखालच्या फिटरांना एक दिवसही करू दिलं नाही. आता निवृत्तीला चार महिने राहिले होते. निरोप समारंभाचा विषय निघाला की ते हात झटकायचे, पण नवा शर्ट मात्र गुपचूप शिवायला टाकून आले होते.

साखळी लागली. खट, खट, खट करत गाडी चढू लागली आणि मागची माणसं आधीच हसायला, ओरडायला लागली. धाकटी दांडा धरून बसली होती. माथ्यावर गाडी क्षणभर रेंगाळली आणि मग खाली गेली. पहिलं वळण, दुसरं वळण. तिसऱ्या वळणावर गाडीने तिच्या उजव्या बरगडीत सरळ गुद्दा घातला.

बाकी कुणाला त्याचं काही वाटलं नाही. धक्के खायलाच तर ती माणसं आली होती. पण धाकटीला वावटळ तोंडपाठ होती. तिसरं वळण म्हणजे डावीकडे पाण्याची टाकी, उजवीकडे झाडांचे शेंडे आणि मधून अलगद घसरत जाणारी गाडी. एवढी अलगद, की जाहिरातीत पार्कचं नाव ती नेहमी त्याच वळणावर टाकायची, कारण तिथे अक्षरं हलत नसत. तिथे हा गुद्दा कुठून आला?

उतरल्यावर ती तडक बटणांच्या केबिनमध्ये गेली. फलाटाला लागून असलेली ही काचेची खोली म्हणजे बटणताईचं राज्य. गाडी सोडायची आणि थांबवायची ती बटणताईने, आणि केबिनमध्ये बसायचं तर तिची परवानगी काढून. तिने कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बोट दाखवलं, चेहरा पांढरा पडलाय म्हणून पाण्याची बाटली पुढे केली, आणि पुढची गाडी सोडली. धाकटीने लॅपटॉप मांडीवर उघडला.

सकाळच्या रिकाम्या फेरीचा व्हिडिओ समोरच होता. तिसरं वळण आलं आणि गेलं. टाकी, शेंडे, अलगद. धक्का नाही.

मग तिने तोच व्हिडिओ कॅमेऱ्याच्या कार्डावरून लावला, जसाच्या तसा, इस्त्री न केलेला.

इस्त्री हा तिचा शब्द. गाडीच्या नाकावरून काढलेला व्हिडिओ मुळात बघवत नाही. सगळं थरथरतं, आकाश सुद्धा जागेवर राहत नाही. ती थरथर काढून टाकायची सोय लॅपटॉपवर होती. एक बटण दाबलं की चित्र सरळ, सुरकुती म्हणून नाही. जाहिरातीचे व्हिडिओ ती अशीच इस्त्री करून देई. बाबांना दाखवायचेही.

इस्त्री न केलेल्या व्हिडिओत तिसऱ्या वळणावर पाण्याची टाकी एकदम पडद्याबाहेर उडाली आणि परत आली. धाकटीने मागे नेऊन पुन्हा बघितलं. पुन्हा उडाली. शुक्रवारचा लावला, तिथेही धक्का होता, पण कमी. गेल्या रविवारचा लावला, बारीकशी उचकी. तीन आठवड्यांपूर्वीच्या व्हिडिओत काहीच नव्हतं. म्हणजे दिवसागणिक वाढत चाललं होतं. एवढ्या वेळात बटणताईने दोन गाड्या सोडल्या होत्या, तिसरी फिरत होती, आणि ती डोक्यावरून गेली तेव्हा केबिनच्या काचा थरथरल्या.

बाबांना हे ठाऊक असणारच, असं तिने स्वतःला बजावलं. ते रोज चढतात, रोज ठोकून बघतात, त्यांच्या कानातून काय सुटणार? तरी खात्री करावी म्हणून तिने खिळ्याला अडकवलेली वही काढली. ही वही तिने आजवर कधी उघडली नव्हती. उस्तादांची वही तपासायला जाणार कोण? आजच्या ओळीत बाबांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, पायी पाहणी, साडेसात ते सव्वाआठ, सर्व ठीक. खाली सही.

साडेसातला बाबा फलाटावर होते. तिने कॅमेरा आवळला तेव्हा त्यांनी स्वतः पकड हलवून बघितली होती. पावणेआठला ते चहाचा कप घेऊन तिच्या ऑफिसात तिच्या शेजारी बसले, व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला, मग पुन्हा एकदा बघितला. आठ वाजून गेले तरी बसलेले होते. काल तसंच. परवाही तसंच. तिने पानं उलटली. प्रत्येक पानावर साडेसात ते सव्वाआठ, आणि प्रत्येक सकाळी त्या वेळात ते तिच्या शेजारी चहा पीत होते.

तिने वही परत खिळ्याला अडकवली. पाच महिन्यांपूर्वी बाबा आपणहून येऊन म्हणाले होते की सकाळच्या रिकाम्या फेरीला कॅमेरा लावत जा, मला बघायचा आहे. ज्या माणसाने बारा वर्षं तिच्या कामाला फोटोबिटो म्हणून उडवून लावलं होतं, तो माणूस. ती त्या दिवशी हवेतच होती. पहिल्या सकाळी व्हिडिओ सुरू झाला तेव्हा मात्र बाबांनी टेबलाची कड धरली, चेहरा उतरला आणि अर्ध्यातच त्यांनी डोळे मिटले. गरगरलं असणार. आता उद्या काही हे येत नाहीत, असं तिला वाटलं. म्हणून दुसऱ्या दिवशी ते येण्याआधीच तिने व्हिडिओला इस्त्री करून ठेवली. बाबांनी तो पूर्ण बघितला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, गाडी लोण्यासारखी चालतेय. त्याच आठवड्यात गाडीला नवी चाकं बसवली होती. बाबांनी श्रेय चाकांना दिलं. धाकटीने ते मनातल्या मनात स्वतःकडे घेतलं आणि पुढे रोज इस्त्री करत राहिली.

आणि गुडघा. गुडघा जरा आखडतोय, असं ते कधीतरी बोलून गेले होते. पाच महिन्यांपासून घरी खालच्याच खोलीत झोपत होते. वर उकडतं म्हणे. एवढं सगळं नाकासमोर असून तिला दिसलं नव्हतं. बाबा तिचं काम बघायला येत नव्हते. तिच्या व्हिडिओवरून ते रुळांची पाहणी करत होते, आणि ती रोज त्यातला दोष स्वतःच्या हाताने पुसून त्यांच्यासमोर ठेवत होती.

तिने फोन लावला. वाजत राहिला. वर्कशॉपमध्ये घासायचं मशीन चालू असलं की बाबांना फोन ऐकू येत नाही. तेवढ्यात बटणताईने हिरवं बटण दाबलं आणि भरलेली गाडी फलाट सोडून साखळीकडे निघाली.

"ताई, थांबव." धाकटी उठून उभी राहिली. "तिसऱ्या वळणावर काहीतरी सुटलंय. धक्का बसतोय."

बटणताईने मान सुद्धा वळवली नाही. धक्के बसणारच, सवय नाही तुला, म्हणाली. मग धाकटीचा चेहरा बघून जरा नरमाईने समजावू लागली. चढावर गाडी थांबवायची तर अठ्ठावीस माणसं एकेक करून जिन्याने खाली आणावी लागतात, दिवसभर वावटळ बंद, वर लेखी जबाब. उस्तादांच्या शब्दाशिवाय ती तसं करणार नव्हती. आणि उस्ताद तर रोजच्यासारखे ती यायच्या आधीच सगळा रूळ पायी बघून आले होते. वहीत सही होती की.

खट, खट, खट. फलाटावरून माथ्यापर्यंत पाऊण मिनिट लागतं, हे धाकटीला चांगलं माहीत होतं. चढाचा कंटाळवाणा भाग तीच तर कापायची. गाडी पाव चढ चढली होती.

सांगायला एकच वाक्य होतं. ते बाहेर पडलं की बाबांची अकरा वर्षं गेली. निरोप समारंभ गेला, उस्ताद हे नाव गेलं, उरायचा फक्त शिवायला टाकलेला शर्ट. सकाळपासून एवढ्या फेऱ्या झाल्या, काय झालं? ही पण जाईल. गाडी परत आली की धावत वर्कशॉपमध्ये जाऊ, बाबांच्या कानात सांगू, बाबाच काहीतरी कारण काढून वावटळ बंद करतील, कुणाला काही कळणार नाही. हे सगळं तिच्या मनात आलं, आणि आलं याची तिला पुढे कायम लाज वाटत राहिली.

गाडी अर्धा चढ चढली. धाकटीची नजर फलाटावर गेली. पायातलं सैल काही नको म्हणून प्रवासी चपला, बूट फळीवर काढून ठेवत. फळीवर अठ्ठावीस जोड ओळीने लावलेले होते. एका जोडीत कुणीतरी चष्मा जपून ठेवला होता.

"वहीतली सही खोटी आहे," धाकटी म्हणाली. "बाबा वर चढले नाहीत, ताई. पाच महिने झाले, ते चढलेच नाहीत."

बटणताईने वळून तिच्याकडे बघितलं. एक क्षण, फार तर दोन. मग तिचा तळहात लाल बटणावर पडला आणि साखळी थांबली. माथा चार हातांवर राहिला होता.

वावटळीची साखळी दिवसभर वाजत असते, त्यामुळे ती थांबली की पार्कातल्या माणसांना काहीतरी पडल्यासारखं वाटतं. बाबांना फोन ऐकू आला नव्हता, पण ही शांतता ऐकू आली. ते हात पुसत, एक पाय ओढत फलाटावर आले. मागोमाग त्यांच्या हाताखालचे दोन फिटर आले, आणि कपाळाला आठ्या घालून साहेब. गाडी कुणी थांबवली, असं बाबांनी केबिनच्या दारातून विचारलं.

"मी," धाकटी म्हणाली, आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. तिसऱ्या वळणावर पाण्याची टाकी उडून परत आली.

बाबा म्हणाले, हा आजचा नाही. आजचा त्यांनी दोनदा बघितला होता. धाकटीने सांगितलं की आजचाच आहे, त्यांना दाखवला तो इस्त्री केलेला होता. इस्त्री म्हणजे काय, ते त्यांनी विचारलं. तिने सांगितलं. किती दिवस, असं त्यांनी विचारलं. पहिला दिवस सोडून रोज, ती म्हणाली. बाबा पडद्याकडे बघत राहिले. साहेबांना अजून काहीच उमगलं नव्हतं. बटणताईला सगळं उमगलं होतं आणि ती मुद्दाम दुसरीकडे बघत होती.

बाबांनी फिटरांना माणसं उतरवायला वर पाठवलं. स्वतः भिंतीवरची हातोडी काढली आणि तिसऱ्या वळणाच्या जिन्याकडे निघाले. फिटर खाली आले की त्यांना पाठवू, असं साहेब म्हणाले. बाबांनी ऐकलं नाही. धाकटी त्यांच्या मागून चढू लागली. चांगला पाय आधी वर, मग कठडा धरून दुसरा ओढून घ्यायचा. प्रत्येक पायरीला त्यांच्या तोंडून बारीक आवाज येत होता. आधाराला हात द्यावा असं तिला फार वाटलं, पण बाबांना ते खपलं नसतं. ती फक्त हात पुढे धरून चढत राहिली, पडलेच तर म्हणून. त्र्याहत्तर पायऱ्या होत्या. वळणाशी पोचायला त्यांना पंधरा मिनिटं लागली.

पहिल्या जोडावर हातोडी पडली, टण. दुसऱ्यावर, टण. तिसऱ्यावर मातीच्या मडक्यावर पडावी तसा आवाज आला. बाबांनी हातोडी खाली ठेवली आणि जोडावर हात फिरवला. सहा बोल्टपैकी एकाचं डोकं तुटून गेलं होतं. दुसरा त्यांनी दोन बोटांनी फिरवला आणि तो फिरला. तिसराही फिरला आणि हातात आला.

ते तिथेच पायरीवर बसले. खाली चढाच्या जिन्यावरून माणसं एकामागून एक अनवाणी उतरत होती. काही वैतागली होती, काही फोनवर व्हिडिओ काढत होती. सकाळपासून किती फेऱ्या झाल्या, असं बाबांनी विचारलं. रिकामी धरून पाच, ती म्हणाली.

"एकीत तू होतीस."

"हो."

बाबांनी तो सुटा बोल्ट हातात घट्ट धरला होता. धाकटीही त्यांच्या खालच्या पायरीवर बसून राहिली.

दुपारी केबिनमध्ये दोघंच होती. बाहेर साहेब फोनवर होते आणि बाबांच्या लेखी जबाबाची वाट बघत होते. त्याआधी साहेबांनी स्वतःच एक वाट काढून दिली होती. व्हिडिओत फेरफार झाला होता, उस्तादांची दिशाभूल झाली, असं लिहिलं तर गोष्ट बरीच हलकी होईल. बाबांनी सरळ सांगितलं की रूळ व्हिडिओत बघायचा नसतो, आणि खुर्ची ओढून बसले. वही समोर होती, पेन उघडलेलं होतं. लिहिलं मात्र काहीच नव्हतं.

"पण तू इस्त्री केलीसच का?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"पहिल्या दिवशी तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं, त्रास झाला तर तुम्ही उद्या यायचे नाहीत."

"मी येणारच होतो. मला दुसरा इलाज नव्हता."

"ते मला आज कळलं," धाकटी म्हणाली. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. "मला वाटलं होतं, तुम्हाला माझं काम बघायचंय."

बाबांनी लॅपटॉप आपल्याकडे वळवला. मग ते म्हणाले, आजचा लाव, जसा आहे तसा, मला पूर्ण बघायचाय. गरगरेल, असं ती म्हणाली. गरगरू दे, ते म्हणाले.

तिने लावला. सगळं थरथरू लागलं. बाबांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. कपाळावर घाम आला, ओठ पांढरे पडले, पण डोळे मिटले नाहीत. तिसरं वळण यायच्या जरासं आधी त्यांची बोटं कडेवर आवळली गेली. टाकी उडाली आणि परत आली. चौथं वळण, पाचवं, मग फलाट. गाडी थांबली. धाकटीने बंद करायला हात पुढे केला, तो बाबांनी अडवला.

व्हिडिओ संपला नव्हता. कॅमेरा उतरवताना आधी दोरी सोडायची आणि मग बटण बंद करायचं, ही बाबांचीच शिकवण. गाठ सुटेपर्यंत कॅमेरा चालूच राही. हा शेवटचा तुकडा ती रोज कापून टाकायची, तो कुणी बघावा असा नव्हताच. पडद्यावर आता तिचा चेहरा आला, एवढा जवळ की नाकच आधी दिसलं. केस तोंडावर आलेले, दातांत पकडीचा स्क्रू. ती गाठीशी झटापट करत होती आणि हसत होती. मग स्क्रू हातात घेऊन मागे वळून कुणाला तरी म्हणाली, "ताई, चहा दोन सांग. बाबा थांबलेत माझ्यासाठी." मग तिचा तळहात कॅमेऱ्यावर आला आणि पडदा काळा झाला.

"परत लाव," बाबा म्हणाले. "शेवटचं तेवढंच."

तिने लावलं. त्यांनी बघितलं.

"रोज अशीच हसायचीस?"

"रोज," धाकटी म्हणाली.

बाबांनी पेन उचललं. आजच्या ओळीतल्या सर्व ठीक वर त्यांनी सरळ रेघ ओढली आणि पुढे लिहिलं, चढलो नाही. मग कालच्या ओळीवर. मग परवाच्या. पंख्याच्या वाऱ्याने पानं फडफडत होती, म्हणून धाकटीने वहीची कड दोन बोटांनी दाबून धरली, आणि बाबा एकेक पान मागे जात राहिले.